प्लॅटफॉर्म गेममधली बोनस लेव्हल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यात घरच्या लॅपटॉपवर किंवा कॉलेजच्या प्रकल्पासाठी उड्या मारायचे द्विमितीय गेम बनवणाऱ्या मुलामुलींसाठी हे पान आहे. सगळे आकडे एकाच मापावर बेतलेत: १६ पिक्सेलची टाइल (लेव्हल ज्या चौकोनी तुकड्यांनी बनते त्यातला एक), ३२० बाय १८० पिक्सेलचा पडदा, गोडोट ४ इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) आणि सेकंदाला ६० फिजिक्स टिक (हालचाल आणि टक्कर मोजण्याची एक पायरी म्हणजे एक टिक). तुमचं माप वेगळं असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला. गणित तेच राहतं.

गुप्त खोली आणि बोनस लेव्हल यांत फरक काय?

गुप्त खोली हा त्याच लेव्हलचा भाग असतो आणि तिथले नियमही तेच असतात. १९८५ च्या सुपर मारियो ब्रदर्समध्ये पहिल्याच लेव्हलमधल्या चौथ्या नळात उतरलं की १९ नाण्यांची खोली लागते. तिथून बाहेर नेणारा नळ मधला बराच रस्ता वगळून खेळाडूला शेवटाच्या जवळ सोडतो. बोनस लेव्हलमध्ये शिरताना मात्र नियमच बदलतो. १९९१ च्या सॉनिक द हेजहॉगमध्ये पहिल्या किंवा दुसऱ्या अंकाच्या शेवटी हातात ५० रिंगा असतील तर एक मोठी रिंग दिसते. तिच्यात उडी मारली की फिरत्या चक्रव्यूहात जाऊन पडतो, आणि तिथे मिळवायचा असतो तो रत्नमणी.

गेम बनवताना दोन्ही ठेवा, पण एकमेकांत मिसळू नका. गुप्त खोली शोधक नजरेसाठी असते, बोनस लेव्हल कौशल्यासाठी. खेळाडूनं अवघड भिंत शोधून काढली आणि आत पुन्हा अवघड परीक्षाच वाढून ठेवलेली दिसली, तर त्याला फसवल्यासारखं वाटतं.

आमच्या गेममध्ये बोनस किती ठेवावेत?

बारा लेव्हलच्या गेमला चार ते पाच पुरतात. पहिला बोनस दुसऱ्या किंवा तिसऱ्या लेव्हलमध्ये, आणि जवळजवळ उघड्यावर ठेवा. या गेममध्ये असं काही असतं, हे खेळाडूला एकदा कळावं लागतं. पहिलाच बोनस खोल लपवला तर पुढचे चारही कुणी शोधत नाही.

खोली आधी आखायची की बक्षीस आधी ठरवायचं?

बक्षीस आधी. बोनसमध्ये जे मिळतं ते मूळ गेममध्ये कुठे उपयोगी पडतं, हे एका वाक्यात लिहिता येत नसेल तर खोली आखायला बसूच नका. १९९५ च्या डाँकी काँग कंट्री २ मध्ये बोनस जिंकला की क्रेमकॉइन मिळतं. पूर्ण गेममध्ये अशी ७५ नाणी आहेत, आणि त्यातली १५ दिली की लपलेल्या प्रदेशातली एक लेव्हल उघडते. बोनसला असं पुढचं दार असलं की खेळाडू जुन्या लेव्हलमध्ये परत जाऊन प्रत्येक कोपरा धुंडाळतो. नुसते गुण देणाऱ्या बोनसमध्ये लोक एकदाच जातात.

नाणी किंवा जीव द्यायचे असतील तर बेरीज करून बघा. बारा लेव्हल, प्रत्येकी ५० नाणी, म्हणजे ६००. पाच बोनस, प्रत्येकी ४० नाणी, म्हणजे २००. एकूण ८००, शंभर नाण्यांना एक जीव धरला तर सगळं वेचणाऱ्याला आठ जीव. हे ठीक आहे. तेच प्रत्येक बोनसमध्ये १५० नाणी ठेवली तर एकूण १३५० होतात आणि त्यातली निम्म्याहून जास्त पाच खोल्यांतच असतात. मग मुख्य लेव्हलमधलं नाणं वेचायला कुणी वाकत नाही. एका बोनसमधून जास्तीत जास्त अर्धा जीव, ही मर्यादा आम्हाला योग्य वाटते.

प्रवेश कसा द्यावा?

चार पद्धती रुळलेल्या आहेत. लपलेलं दार, काहीतरी जमवून उघडणारं दार, लेव्हलच्या शेवटी कामगिरीवर मिळणारं दार, आणि वाटेतच सर्वांना दिसणारं दार. जमवण्याचं उत्तम उदाहरण १९९६ चा क्रॅश बँडिकूट: एकाच प्रकारची तीन चिन्हं मिळाली की बोनस फेरी सुरू होते. तीन हा आकडा सोयीचा आहे. पहिलं चिन्ह सहज दिसेल असं ठेवा, दुसरं थोडं आडवाटेला, तिसरं लपवून. पहिलं हाताला लागलं की उरलेली दोन शोधायची हुक्की येतेच.

सॉनिकची ५० रिंगांची अट वरवर साधी दिसते, पण तिच्यामुळे पूर्ण लेव्हल खेळायची रीत बदलते. मार लागला की रिंगा सांडतात, म्हणून खेळाडू शेवटपर्यंत जपून चालतो. वेगानं धावण्याच्या गेममध्ये मुद्दाम ओढलेला हा लगाम आहे. तुमचा गेम मुळातच सावकाश चालणारा असेल तर अशी अट लावू नका.

चोरवाट किती लपवावी? कुणाला सापडतच नाही.

न सापडणारी चोरवाट म्हणजे फुकट गेलेलं काम. प्रत्येक चोरवाटेला किमान दोन खुणा हव्यात: एक दुरून दिसणारी, एक जवळ गेल्यावर कळणारी. दुरून दिसणारी म्हणजे, पडद्याच्या कडेला अर्धवट दिसणारं नाणं. कॅमेऱ्याची सीमा अशी बांधा की उंच कट्ट्यावर उभं राहिलं की पलीकडची एक-दीड टाइल दिसेल. जवळची खूण म्हणजे भिंतीतली एकच टाइल जरा निराळी: तडा गेलेली, शेवाळ नसलेली, किंवा बाकीच्यांपेक्षा दहा टक्के फिकी. फरक फक्त रंगाचा ठेवू नका. उन्हात फोन धरला की तो दिसत नाही, आणि लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्या खेळाडूला तर कधीच दिसणार नाही. आकारात फरक करा.

सर्वांत वाईट चोरवाट म्हणजे तळ नसलेल्या खड्ड्यात उडी मारल्यावर सापडणारी. ती ठेवायचीच असेल तर खड्ड्याच्या तोंडाशी तीन नाणी उभ्या रांगेत खाली जाताना दाखवा. आणि ती खूण दिली की पुढे गेमभर कुठल्याही मरणाच्या खड्ड्यावर तशी नाणी ठेवू नका. खेळाडूचा विश्वास एकदा उडाला की तो खुणा बघायचंच सोडून देतो.

उड्यांची अंतरं अंदाजानं ठेवतो. काही सूत्र आहे का?

आहे, आणि बोनस लेव्हलमध्ये ते वापरायलाच हवं, कारण इथे उड्या एकामागून एक येतात.

उडीची उंची आणि टोकापर्यंत पोचायला लागणारा वेळ आधी ठरवा. समजा उंची ४ टाइल, म्हणजे ६४ पिक्सेल, आणि वेळ ०.४ सेकंद. गुरुत्व म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग: १२८ भागिले ०.१६, उत्तर ८००. उडीचा सुरुवातीचा वेग म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळ: १२८ भागिले ०.४, उत्तर ३२०. वर जायला ०.४ आणि खाली यायला ०.४, म्हणजे हवेत ०.८ सेकंद. धावण्याचा वेग सेकंदाला १२० पिक्सेल असेल तर एका उडीत ९६ पिक्सेल, म्हणजे बरोबर ६ टाइल.

पण नायकाच्या टक्कर-चौकटीला (इंजिन टक्कर ज्या अदृश्य चौकटीनं ओळखतं तिला) रुंदी असते. ती १२ पिक्सेल असेल तर उडी मारताना तो काठावर जवळजवळ पूर्ण बाहेर लटकलेला असतो आणि पलीकडे फक्त त्याचं टोक टेकलं तरी चालतं. म्हणून प्रत्यक्षात १०८ पिक्सेलपर्यंतचा खड्डा पार होतो. कागदावर अशक्य वाटणारा साडेसहा टाइलचा खड्डा एखादा सराईत मुलगा ओलांडून जातो आणि तुमची कुलूपबंद खोली उघडी पडते, ती यामुळे. जिथे पोचू द्यायचं नाही तिथे ८ टाइल ठेवा.

सोप्या बोनससाठी ४ टाइलचे खड्डे, मध्यमसाठी ५, आणि ६ टाइल फक्त शेवटच्या बोनसमध्ये, तेही एक-दोन ठिकाणी. काठ सुटल्यावरही ०.१ सेकंद, म्हणजे ६ टिक, उडी मारू द्या. २०१८ च्या सेलेस्टमध्ये हीच सवलत आहे, आणि तो गेम अवघड असूनही न्याय्य वाटतो त्यात तिचा मोठा वाटा आहे.

वेळ किती द्यावा?

स्वतः खेळून सर्वांत चांगली वेळ काढा आणि तिला १.७ नं गुणा. तुम्हाला १८ सेकंद लागले तर ३० द्या. फोनवरच्या आवृत्तीत दुप्पट, म्हणजे ३६. गेम बनवणाऱ्याला नाण्यांच्या जागा पाठ असतात, खेळाडूला त्या शोधायच्या असतात. गुणक त्यासाठीच आहे.

वेळ संपताना शेवटचे ५ सेकंद आवाजानं कळवा. नजर नायकावर असते, घड्याळाच्या आकड्यावर नसते. आणि घड्याळ खोली दिसताक्षणी सुरू करू नका. पहिली हालचाल होईपर्यंत थांबवा, किंवा किमान दीड सेकंद द्या.

बोनसमध्ये हरल्यावर जीव जावा का?

नाही. याबाबत आमचं मत ठाम आहे. बोनस ही देणगी आहे. ती घ्यायला गेल्याबद्दल शिक्षा झाली की खेळाडू पुढचं दार टाळतो. क्रॅश बँडिकूटच्या १९९७ च्या दुसऱ्या भागात बोनस फेरीत कितीही वेळा पडलात तरी जीव कमी होत नाही, आणि पुन्हा प्रयत्नही करता येतो. २०१० च्या सुपर मीट बॉयमध्ये उलट रीत आहे: मूळ लेव्हलमध्ये जीव अमर्याद, पण वॉर्प झोन या लपलेल्या बोनस लेव्हलमध्ये तीनच. ते तिथे चालतं, कारण तीन जीव फक्त त्या झोनपुरते असतात आणि संपले तरी बाहेर काहीच गमवावं लागत नाही. मर्यादा आतल्या आत ठेवा.

बोनसमधून बाहेर आल्यावर खेळाडूला कुठे उभं करावं?

दाराच्या दोन टाइल पुढे, सपाट जमिनीवर, आणि एक सेकंद अभय देऊन. बरोबर दारावरच उभं केलं तर त्याच टिकला पुन्हा आत शिरण्याचा धोका असतो. आजूबाजूचे शत्रू चार टाइलच्या आत असतील तर त्यांना मूळ जागी परत पाठवा. जिंकलेल्या बोनसचं दार दिसू द्या, पण विझलेलं. पूर्ण गायब केलं तर आपण इथे जाऊन आलो की नाही हे खेळाडूला नंतर आठवत नाही.

खोली त्याच सीनमध्ये दूर कुठेतरी ठेवावी की वेगळा सीन करावा?

सीन म्हणजे गोडोटमध्ये वेगळी फाइल म्हणून साठवलेला गेमचा एक भाग. लहान, एका पडद्याची खोली असेल तर त्याच सीनमध्ये बरी. लेव्हलच्या खाली किमान ४० टाइल अंतर सोडून आखा आणि आत शिरताना नायकाची जागा बदला. इथे हमखास होणारी चूक कॅमेऱ्याची आहे: स्मूदिंग (कॅमेरा हळूहळू सरकवण्याची सोय) चालू असल्यामुळे कॅमेरा संपूर्ण लेव्हलवरून सरपटत खोलीपर्यंत येतो. जागा बदलल्यावर कॅमेऱ्याच्या चारही सीमा नव्या खोलीच्या करा आणि लगेच रिसेट स्मूदिंग हे फंक्शन बोलवा.

नियम बदलणारा, संगीत वेगळं असणारा बोनस वेगळ्या सीनमध्ये ठेवा. जाण्यापूर्वी नाणी, जीव, परतीची जागा आणि उघडलेली दारं एका ऑटोलोड स्क्रिप्टमध्ये (सीन बदलला तरी टिकून राहणाऱ्या कोडमध्ये) नोंदवा. प्रत्येक बोनसला स्वतःची ओळख द्या, लेव्हलचा क्रमांक आणि दाराचा क्रमांक जोडून. नोडच्या (सीनमधल्या एका घटकाच्या) नावावर अवलंबून राहू नका. पुढे कुणीतरी नोडचं नाव बदलतं आणि जुन्या सेव्हमधले सगळे बोनस पुन्हा उघडे होतात.

दारात शिरताना गोडोट एरर देतो, किंवा नाणी दुप्पट मिळतात. का?

एरिया टू-डी नोडचा बॉडी एंटर्ड सिग्नल (कुणीतरी त्या जागेत शिरल्याची सूचना) फिजिक्स चालू असताना येतो. त्याच क्षणी सीन बदलला किंवा टक्कर असलेला नोड काढला तर इंजिन तक्रार करतं. सीन बदलण्याचं काम कॉल डिफर्ड या फंक्शननं टिक संपल्यावर करा.

दुप्पट बक्षिसाचं कारण बहुधा असं असतं: शेवटचं नाणं उचलल्यावर जिंकल्याचा कोड चालतो आणि त्याच टिकला टायमर संपल्याचाही. दोन्ही वाटांनी बाहेर पडण्याचं फंक्शन बोलावलं जातं. "संपला" असा एक बूलियन (हो किंवा नाही एवढंच साठवणारी नोंद) ठेवा आणि फंक्शनच्या पहिल्याच ओळीत तो तपासा. शेवटचं नाणं आणि शून्य सेकंद एकाच टिकला आले तर निकाल खेळाडूच्या बाजूनं द्या, आणि त्यासाठी नाण्यांची तपासणी टायमरच्या आधी ठेवा.

आपल्या भागातली ठिकाणं बोनससाठी कशी वापरावीत?

मागे फक्त चित्र लावून भागत नाही. ठिकाणाचा एखादा गुण खेळाच्या नियमात उतरला पाहिजे.

गोकाकचा धबधबा घ्या. घटप्रभा तिथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. नायक दोन टाइल उंच आणि १.६ मीटरचा धरला तर एक टाइल ०.८ मीटरची, म्हणजे धबधबा ६५ टाइल, जवळजवळ सहा पडदे उंच. हा आयता उभा बोनस आहे: पडत पडत डावी-उजवीकडे सरकायचं आणि नाणी टिपायची. पडण्याचा वेग मात्र सेकंदाला ९० पिक्सेलवर बांधा, म्हणजे १०४० पिक्सेल पार करायला साडेअकरा सेकंद मिळतील. नायक पडद्याच्या वरच्या तिसऱ्या भागात ठेवा. त्याच्या खाली १२० पिक्सेल दिसले तर पुढचा खडक दिसल्यापासून सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ हातात राहतो. कॅमेरा नायकाला मधोमध धरून राहिला तर हाच वेळ एका सेकंदावर येतो आणि खेळ नशिबावर जातो.

शहापूर-वडगावच्या विणकरांच्या मागांवरूनही छान बोनस होतो. धोटा म्हणजे इकडून तिकडे धावणारा प्लॅटफॉर्म. १६० पिक्सेलची फेरी आणि सेकंदाला ८० पिक्सेल वेग ठेवला तर एका बाजूला दोन सेकंद लागतात. एकावर एक तीन धोटे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या अंतरानं सोडले की लय तयार होते, आणि संगीताचा ठेका मिनिटाला १२० ठोक्यांवर बांधला तर प्रत्येक धोटा ठोक्यावर वळतो. यासाठी ॲनिमेटेबल बॉडी टू-डी हा नोड वापरा आणि त्याचं सिंक टू फिजिक्स हे सेटिंग चालू ठेवा, नाहीतर नायक धोट्यावरून घसरत राहतो. टक्कर एकतर्फी ठेवा, म्हणजे खालून उडी मारताना डोकं आपटणार नाही.

शिवजयंतीच्या मिरवणुकीतले चित्ररथ आपोआप सरकणाऱ्या पडद्यासाठी बरे. वेग सेकंदाला ४० पिक्सेल पुरे.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर), एखादं देऊळ किंवा दर्गा दाखवायचा असेल तर तिथे शत्रू, खिळे, फोडायच्या वस्तू ठेवू नका. ते चित्र शांत, पार्श्वभूमीत राहू द्या. गेम सगळ्यांच्या घरात जाणार आहे.

मराठी आणि कन्नड दोन्हींत मजकूर ठेवायचा आहे. अक्षरं तुटतात.

दोन कारणं असतात. एक, ३२० बाय १८० चा गेम व्ह्यूपोर्ट स्ट्रेच मोडमध्ये (छोटं चित्र ताणून मोठं करण्याच्या सेटिंगमध्ये) चालवला की अक्षरंही त्याच छोट्या पडद्यावर उमटतात आणि मात्रा, जोडाक्षरं चिरडली जातात. कॅनव्हास आयटम्स मोड घ्या, म्हणजे मजकूर खिडकीच्या पूर्ण रिझोल्यूशनमध्ये उमटतो. दोन, फॉन्टमध्ये ती लिपीच नसते. देवनागरीसाठी 'मुक्त' (Mukta) किंवा 'बलू' हा फॉन्ट, कन्नडसाठी बलू तम्मा किंवा नोटो सान्स कन्नड घ्या. हे सगळे मोफत आहेत. एक मुख्य ठेवा, दुसरा फॉलबॅक (पर्यायी फॉन्टच्या) यादीत टाका. जोडाक्षरं जुळवण्याचं काम इंजिनचा ॲडव्हान्स्ड टेक्स्ट सर्व्हर करतो. एक्सपोर्ट हलका करायच्या नादात तो काढून टाकू नका.

कन्नडमधली ओत्ताक्षरं (जोडाक्षरातली खालची अक्षरं) ओळीच्या खाली उतरतात आणि मराठीच्या मात्रा वर जातात, त्यामुळे इंग्रजीला पुरणारी ओळीची उंची इथे पुरत नाही. अक्षराच्या मापाच्या दीडपट उंची धरा. पण बोनसच्या आत मुळात वाचायला काही नसावं हे उत्तम. उद्दिष्ट चित्रातून सांगा: नाण्याचं चिन्ह आणि शेजारी उरलेला आकडा. दोन सेकंदांत कुठल्याही भाषेच्या मुलाला कळतं.

फोनवर खेळताना मुलं बोनसमध्येच जास्त पडतात. काय करावं?

अंगठे पडद्याचे खालचे दोन कोपरे झाकतात. तिथे नाणं, खड्ड्याची कड किंवा खिळे येणार नाहीत अशी खोली आखा. खालच्या तीन टाइल नुसती जमीन असू द्या. बटण किमान ९ मिलिमीटरचं हवं, आणि त्याचा स्पर्श ओळखणारा भाग दिसणाऱ्या चित्रापेक्षा मोठा. काचेवर बोट सरकलं तरी बोटाला कळत नाही, म्हणून उडी जमिनीवर टेकायच्या ०.१ सेकंद आधी दाबली तरी ती लक्षात ठेवून टेकताच मारा. एवढ्या एका बदलानं निम्म्या तक्रारी थांबतात.

जुन्या लॅपटॉपवर किंवा स्वस्त फोनवर गेम अडखळत असेल तर प्रोजेक्टमध्ये कंपॅटिबिलिटी रेंडरर (चित्र उमटवण्याची हलकी पद्धत) निवडा.

चाचणी कुणाकडून आणि कशी करून घ्यावी?

गेम पूर्वी न पाहिलेली पाच माणसं पुरतात: दोन सराईत, दोन अधूनमधून खेळणारी, एक कधीच न खेळणारं. शेजारी बसा आणि बोलू नका. तुमचं तोंड उघडलं की चाचणी बाद. तीन गोष्टी कागदावर टिपा: दार दिसलं का, आत काय करायचं हे किती सेकंदांत कळलं, आणि हरल्यावर पुन्हा आत गेला का. तिसरी नोंद सगळ्यांत महत्त्वाची. पाचपैकी दोघांनाच दार सापडलं तर ते ठीक आहे. सापडलेले दोघेही हरून परत गेलेच नाहीत तर खोली पुन्हा आखा.

बोनस जिंकला आणि वीज गेली, तर सेव्ह खराब होतं. उपाय?

पावसाळ्यात खानापूरकडे हे नेहमीचं आहे, त्यामुळे टाळू नका. सेव्ह थेट मूळ फाइलवर लिहू नका. आधी तात्पुरत्या नावाच्या फाइलमध्ये लिहा, ती बंद करा, मग जुनी फाइल दुसऱ्या नावानं बाजूला ठेवून नवीला मूळ नाव द्या. गेम सुरू होताना मूळ फाइल वाचता आली नाही तर बाजूला ठेवलेली उघडा. आणि सेव्ह बोनस जिंकल्या क्षणी करा, अभिनंदनाचं ॲनिमेशन संपल्यावर नव्हे. ते तीन सेकंद चालतं आणि वीज तेवढ्यातच जाते.